समुद्रतळाच्या गाळातलं गॅस हायड्रेट आणि खारं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅस हायड्रेटचा विषय निघाला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘वायू किती आहे?’ त्याचं उत्तर बऱ्याचदा वायू मोजून मिळत नाही, गाळातल्या पाण्याचं मीठ मोजून मिळतं. आणि ते मीठ सरळ बोलत नाही. म्हणून इथले बहुतेक प्रश्न मिठाभोवती फिरतात.

गॅस हायड्रेट म्हणजे नेमकं काय?

पाण्याच्या रेणूंनी एकमेकांचे हात धरून बांधलेले पिंजरे, आणि त्या पिंजऱ्यांत कोंडलेले वायूचे रेणू. समुद्राखाली हा वायू बहुतेक वेळा मिथेन असतो. दिसायला बर्फच, पण काडी लावली की पेटतो आणि पेटता पेटता पाणी गळत राहतं. सर्वात जास्त आढळणाऱ्या रचनेत पाण्याचे ४६ रेणू मिळून आठ पिंजरे बांधतात, दोन लहान आणि सहा मोठे. वायू आणि पिंजरा यांच्यात रासायनिक बंध नसतो. वायू आत बसलाय म्हणून पिंजरा उभा आहे, एवढंच. पुरेशा पिंजऱ्यांत कोणी नसेल तर सगळा डोलारा कोसळतो.

एक घनमीटर हायड्रेट वितळलं तर साध्या दाबाला सुमारे १६४ घनमीटर वायू आणि ०.८ घनमीटर पाणी मिळतं. बातम्यांत १६४ चा आकडा येतो. या पानासाठी ०.८ जास्त कामाचा आहे, तो पुढे हिशेबात लागेल.

याचा शोध समुद्रात लागला का?

नाही, प्रयोगशाळेत. हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास क्लोरीन आणि पाणी यांचं हायड्रेट ओळखलं. पुढची शंभरेक वर्षं ती रसायनशास्त्रातली एक गंमत होती. १९३४ मध्ये हॅमरश्मिटने दाखवलं की थंडीत गॅसच्या पाइपलाइन तुंबतात त्या साध्या बर्फाने नव्हे, हायड्रेटने. निसर्गात ते सापडतं हे १९६० च्या दशकात सायबेरियातल्या वायुक्षेत्रांवरून लक्षात आलं, आणि समुद्रतळाकडे नजर गेली ती त्यानंतर.

गाळातलं पाणी वेगळं कशाला मोजायचं? समुद्राचंच पाणी ना ते?

सुरुवातीला समुद्राचंच असतं. गाळ साचताना कणांच्या मधल्या पोकळ्यांत समुद्राचं पाणी अडकतं, त्याला रंध्रजल म्हणतात. पण एकदा गाडलं गेलं की ते बदलायला लागतं. सूक्ष्मजीव त्यातलं सल्फेट संपवतात, चिकणमाती काही आयन धरते आणि काही सोडते, खालून दुसरं पाणी येऊन मिसळतं. शंभर मीटर खालचं रंध्रजल आणि वरचा समुद्र यांच्यात कधी कधी नावापुरतंच साम्य उरतं.

हायड्रेट तयार होताना मिठाचं काय होतं?

ते बाहेर राहतं. पिंजऱ्यात मिथेनला जागा आहे, सोडियम आणि क्लोराइडला नाही. समुद्राचं पाणी गोठतानाही असंच होतं, बर्फ जवळजवळ बिनमिठाचा आणि खालचं पाणी जास्त खारं.

समजा, एका बंद पोकळीत हजारी ३५ क्षारतेचं पाणी आहे. त्यातलं निम्मं पाणी हायड्रेटमध्ये गेलं, तर उरलेल्या निम्म्यात सगळं मीठ दाटतं आणि क्षारता ७० वर जाते. क्लोराइडच्या भाषेत सांगायचं तर लिटरला साधारण ५६० मिलिमोलवरून १,१२० वर.

मग वर आणलेल्या नमुन्यात पाणी उलट गोडं का निघतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि गोंधळ होणं अगदी साहजिक आहे.

गाळाचा कोअर, म्हणजे नळीत कापून घेतलेला लांब नमुना, वर येताना दाब उतरतो, तापमान चढतं, आणि हायड्रेट वाटेतच वितळतं. त्याचं गोडं पाणी आजूबाजूच्या रंध्रजलात मिसळतं. जहाजावर पाणी पिळून क्लोराइड मोजलं की आकडा खाली गेलेला दिसतो.

पण इथे थांबून विचार करा. वरच्या बंद पोकळीतच हायड्रेट झालं आणि त्याच पोकळीत वितळलं, तर हिशेब पुन्हा ५६० वर यायला हवा. जेवढं गोडं पाणी बाजूला काढलं होतं तेवढंच परत आलं. मग आकडा ५६० च्या खाली जातो कसा?

जातो, कारण मधल्या काळात बाहेर टाकलेलं मीठ तिथून निघून गेलेलं असतं. दाटलेलं मीठ हळूहळू वर, खाली, आजूबाजूला पसरतं, आणि हायड्रेटच्या शेजारचं पाणी पुन्हा सभोवतालच्या पातळीवर येतं. त्यानंतर हायड्रेट वितळलं तर तिथे गोड्या पाण्याची भर पडते, पण तिला तोलायला जुनं मीठ उरलेलं नसतं. म्हणजे हायड्रेटमुळे नमुना गोडा निघाला, तर ते किती आहे याचा अंदाज तर येतोच, शिवाय ते मीठ पसरून जाण्याइतकं जुनं आहे, हेही कळतं. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट हीच. क्लोराइडच्या एका आकड्यात प्रमाण आणि वय एकमेकांत गुंतलेलं असतं.

मीठ पसरायला किती वेळ लागतो?

नुसत्या विसरणावर, म्हणजे पाणी न वाहता मीठ आपोआप पसरण्यावर (डिफ्यूजन) सोडलं तर वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. गाळात क्लोराइडचा विसरण गुणांक सेकंदाला अर्ध्या अब्जांश चौरस मीटरच्या आसपास धरला, तर अंदाज असा निघतो: १० सेंटिमीटरला सात-आठ महिने, १ मीटरला साठेक वर्षं, १० मीटरला सहा हजार वर्षं, १०० मीटरला सहा लाख.

म्हणून एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरचा हायड्रेटचा पदर आपलं मीठ पटकन झटकून टाकतो, पण दहा-वीस मीटर जाडीचा थर भराभर तयार झाला असेल तर तो आपल्याच खाऱ्या पाण्यात हजारो वर्षं बसून राहतो. पाणी वाहतं असेल तर गणित बदलतं, अर्थात.

भराभर तयार झालेलं, खाऱ्या पाण्यातलं हायड्रेट खरंच कुठे सापडलंय का?

हो. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यासमोर ‘हायड्रेट रिज’ नावाचा समुद्राखालचा उंचवटा आहे. २००२ मध्ये ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅम या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ-वेधन प्रकल्पाच्या २०४ व्या मोहिमेत ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ जहाजाने तिथे वेधन केलं. दक्षिण माथ्यावर, तळापासून पहिल्या वीसेक मीटरांत, हायड्रेटचे जाड तुकडे मिळाले आणि रंध्रजलात क्लोराइड १,३०० मिलिमोलच्याही वर गेलेलं होतं. समुद्राच्या दुपटीहून जास्त.

ध्यानात घ्या, हा आकडा हायड्रेट काही प्रमाणात वितळल्यानंतरचा आहे. म्हणजे प्रत्यक्ष तळाखाली पाणी निदान एवढं तरी खारं होतंच, कदाचित त्याहूनही जास्त. एवढं मीठ अजून तिथेच आहे याचा अर्थ ते दाटण्याचा वेग पसरण्याच्या वेगापेक्षा मोठा आहे. तिथे खालून मोकळा वायू सतत येतोय आणि हायड्रेट आजही बनतंय.

पण हायड्रेट टिकेल अशा थंड, दाबाच्या पट्ट्यातून मोकळा वायू वर येतोच कसा? वाटेत गोठायला नको का?

हा प्रश्न अनेक वर्षं अभ्यासकांनाही छळत होता. तळाशी परिस्थिती हायड्रेटला पूर्ण अनुकूल, आणि तरी समुद्रतळावरून बुडबुड्यांच्या माळा सुटताना दिसतात.

एक उत्तर मिठातच आहे. मीठ हायड्रेटला मारक असतं. वायू वर चढतो, हायड्रेट बनतं, मीठ दाटतं. जितकं दाटतं तितकं पुढचं हायड्रेट बनणं अवघड. शेवटी पाणी इतकं खारं होतं की त्या दाबा-तापमानाला हायड्रेट, वायू आणि खारं पाणी तिघंही एकमेकांशेजारी नांदू शकतात. आणखी हायड्रेट बनत नाही आणि वायूला वाट मोकळी होते. हायड्रेटने स्वतःच तयार केलेला हा लगाम आहे. हायड्रेट रिजच्या माथ्यावरचे क्लोराइडचे आकडे या चित्राशी चांगले जुळतात.

हे एकमेव कारण नाही. भेगेतून वायू इतक्या जोरात येऊ शकतो की त्याला पाणी भेटतच नाही. भेगेच्या भिंतींवर हायड्रेटचा लेप बसून आतला वायू पाण्यापासून तुटतो, असंही होतं. पण मोकळ्या वायूसोबत समुद्राच्या दुप्पट खारं पाणी दिसलं, तर मी आधी मिठाकडेच बोट दाखवीन.

मीठ हायड्रेटला नक्की किती मारक असतं?

समुद्राच्या नेहमीच्या क्षारतेने हायड्रेट टिकण्याची तापमान-मर्यादा गोड्या पाण्याच्या तुलनेत १ ते १.५ अंश सेल्सियसने खाली येते. आकडा लहान वाटतो. पण गाळात खोल जाताना तापमान किलोमीटरला ५० अंशांनी वाढत असेल, तर तेवढ्याने हायड्रेट पट्ट्याचा तळ सुमारे ३० मीटर वर सरकतो. तो पट्टाच मुळात शे-दीडशे मीटरचा असेल तर ३० मीटर कमी नव्हेत.

मिठाचा जोर बघायचा तर पूर्व भूमध्य समुद्रातले दोन चिखल-ज्वालामुखी घ्या, नापोली आणि मिलानो. ही तिथल्या समुद्रतळावरची नावं आहेत, इटलीतल्या शहरांवरून दिलेली. १९९५ मध्ये ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमच्याच १६० व्या मोहिमेत दोन्हींवर वेधन झालं. नापोलीचं रंध्रजल जवळजवळ मिठाने संपृक्त निघालं, कारण त्या समुद्राखाली साठेक लाख वर्षांपूर्वीच्या, मेसिनियन काळातले मिठाचे जाड थर आहेत. मिलानोचं पाणी मात्र समुद्रापेक्षा गोडं निघालं आणि ती हायड्रेटची खूण मानली गेली. एकाच समुद्रातले शेजारी, वायू दोघांकडेही, आणि फरक पाण्याचा.

मेक्सिकोच्या आखातातही जमिनीखालचे मिठाचे घुमट असंच करतात, तेही दुहेरी मार्गाने. पाणी खारं करतात, आणि मीठ उष्णता चांगली वाहून नेत असल्यामुळे वरचा गाळ गरमही ठेवतात.

नमुन्यातल्या क्लोराइडवरून हायड्रेटचं प्रमाण काढतात कसं?

कागद-पेन्सिल घ्या. पोकळीचा S इतका हिस्सा हायड्रेटने भरलाय, बाकी १ − S मध्ये रंध्रजल आहे. हायड्रेट वितळल्यावर त्याचं पाणी होतं ०.८S. एकूण पाणी झालं १ − ०.२S. मीठ मात्र जुन्या रंध्रजलातलंच. म्हणून:

मोजलेलं क्लोराइड ÷ मूळ क्लोराइड = (१ − S) ÷ (१ − ०.२S)

मूळ ५६० आणि मोजलेलं ४२० असेल, तर गुणोत्तर ०.७५ आणि S येतो ०.२९. म्हणजे पोकळीचा २९ टक्के भाग हायड्रेट. बरेच जण ०.७५ बघून ‘२५ टक्के’ लिहून मोकळे होतात. ०.८ विसरल्याची ती किंमत.

पण खरी मेख वेगळीच आहे. ‘मूळ’ ५६० हा आकडा आणला कुठून?

बरोबर, तो कुठून आणतात?

हायड्रेट नसलेल्या थरांतल्या नमुन्यांमधून एक रेषा ओढतात आणि तिला पार्श्वभूमी मानतात. ती रेषा सरळ असेलच असं नाही, आणि चुकांचं घर इथेच आहे.

गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात इतकं पाणी जमिनीवरच्या बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे ३ टक्के खारा होता. ते खारं पाणी काही ठिकाणी गाळात काही दशक मीटर खोलीवर आजही दिसतं, क्लोराइडच्या आलेखावर एक हलका फुगवटा म्हणून.

काळ्या समुद्रात याच्या अगदी उलट. हिमयुगात ते जवळजवळ गोड्या पाण्याचं सरोवर होतं. भूमध्य समुद्राचं पाणी बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून आत आलं त्याला नऊएक हजार वर्षं झाली. तिथे गाळात काही मीटर खाली गेलं की पाणी आपोआप गोडं होत जातं, हायड्रेट असो वा नसो. तिथे ५६० धरून कोणी हिशेब केला तर सगळा समुद्रतळ हायड्रेटने भरलेला निघेल! गंमत म्हणजे वरून मीठ अजूनही खाली झिरपतंय, आणि जिथे पोचतं तिथे हायड्रेटचा पट्टा आक्रसतो.

अटलांटिकमधल्या ब्लेक रिज या समुद्राखालच्या उंचवट्यावर, त्याच प्रोग्रॅमच्या १९९५ मधल्या १६४ व्या मोहिमेत, पार्श्वभूमीची रेषाच समुद्रापेक्षा खाली होती आणि तिच्यावर क्लोराइडचे टोकदार खड्डे दिसले. प्रत्येक खड्डा म्हणजे वितळलेल्या हायड्रेटचा एकेक पदर. हायड्रेट खड्ड्यांवरून काढायचं की समुद्रापासूनच्या सगळ्या घसरणीवरून, यावर उत्तर कितीतरी बदलतं. खड्ड्यांवरून काढलेलं सरासरी प्रमाण पोकळीच्या काही टक्क्यांपुरतंच भरलं.

पाणी गोडं होण्याचं कारण हायड्रेट नसेल तर?

शक्य आहे. खोलवर, तापमान वाढल्यावर, स्मेक्टाइट जातीची चिकणमाती इलाइट या दुसऱ्या जातीत बदलते आणि आपल्या थरांमधलं पाणी सोडते. किनाऱ्याजवळ जमिनीखालचं गोडं पाणीही समुद्राखाली येऊ शकतं.

हे वेगळं करायला पाण्याचे समस्थानिक कामी येतात. हायड्रेट बनताना जड ऑक्सिजन-१८ ला आणि ड्यूटेरियमला (जड हायड्रोजनला) पिंजऱ्यात थोडी जास्त पसंती मिळते. ऑक्सिजनच्या बाबतीत फरक हजारी तीनच्या आसपास. म्हणून हायड्रेटचं गोडं पाणी जड असतं. चिकणमातीने सोडलेल्या पाण्यात ऑक्सिजन-१८ जास्त पण ड्यूटेरियम कमी. पावसाच्या पाण्यात दोन्ही कमी. गोडेपणा तोच, पण वजनावरून घराणं ओळखता येतं.

क्लोराइडच का? सोडियम किंवा सल्फेट का नाही?

क्लोराइड कुणाच्या अध्यात ना मध्यात. सोडियमची चिकणमातीशी देवाणघेवाण चालते. सल्फेट तर सूक्ष्मजीव मिथेन खाताना वापरून टाकतात.

पण सल्फेटचा एक वेगळा उपयोग आहे. समुद्रात ते लिटरला २८ मिलिमोल असतं, आणि मिथेनच्या पट्ट्यात जवळपास शून्य. तिथल्या नमुन्यात २.८ मिलिमोल सापडलं तर समजायचं की वेधनाच्या वेळी १० टक्के समुद्राचं पाणी आत घुसलंय. तेवढं वजा करून मगच क्लोराइडकडे बघायचं.

हे पाणी गाळातून काढतात कसं?

कोअर डेकवर आला की आधी त्याच्यावरून इन्फ्रारेड कॅमेरा फिरवतात. हायड्रेट वितळताना उष्णता शोषतं, त्यामुळे तो भाग थंड पडतो आणि पडद्यावर गडद पट्टा उठतो. घाई असते, कारण काही मिनिटांत पट्टा पुसट होतो. हायड्रेट गेलेली जागा हाताला कळते. बाकीचा गाळ घट्ट, आणि मध्येच एक भाग रबरबीत किंवा फेसाळ, बुडबुड्यांनी भरलेला. दहा-पंधरा सेंटिमीटरचा तुकडा कापतात, बाहेरची साल खरवडून टाकतात, कारण समुद्राचं पाणी लागलेलं असतं ते सालीलाच. उरलेला गोळा धातूच्या दंडगोलात घालून हायड्रॉलिक प्रेसखाली पिळतात. गाळणीतून थेंब थेंब पाणी सिरिंजमध्ये जमतं. सिल्व्हर नायट्रेटने त्याचं टायट्रेशन केलं की क्लोराइड मिळतं. एवढं महागडं जहाज, आणि शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेतली रीत!

विद्युत रोधकतेवरून सरळ कळत नाही का?

अंदाज येतो. खारं पाणी वीज वाहतं, हायड्रेट वाहत नाही, म्हणून हायड्रेट असेल तिथे रोधकता चढते. रोधकता आणि पोकळीतलं पाणी यांचा संबंध सांगणाऱ्या आर्चीच्या सूत्राने त्यावरून प्रमाण काढतात. पण त्या सूत्राला रंध्रजलाची क्षारता सांगावी लागते. पाणी प्रत्यक्षात दुप्पट खारं असताना साधं समुद्राचं धरलं, तर रोधकता कमी दिसते आणि असलेलं हायड्रेट हिशेबातून गळतं.

उलटीही चूक होते. २००६ च्या भारतीय मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर चिकणमातीच्या जवळपास उभ्या भेगांत हायड्रेट सापडलं, शंभर मीटरहून जाड पट्ट्यात. अशा भेगांतून वेधनाचं उभं विवर गेलं की रोधकता अवाच्या सवा वाढते. साध्या सूत्राने काढलेलं प्रमाण दाबबंद कोअरमधल्या प्रमाणापेक्षा खूपच फुगलेलं निघालं.

दाबबंद कोअर म्हणजे?

तळाशीच झडप लावून, तिथला दाब कायम ठेवून वर आणलेला नमुना. मग जहाजावर हळूहळू दाब सोडत बाहेर येणारा मिथेन मोजतात. पार्श्वभूमीची रेषा नको, क्षारतेचा अंदाज नको. पैशाने आणि वेळेने महाग, झडप नीट बसली नाही तर सगळी मेहनत वाया. तरी वाद झाला की मी याचाच आकडा खरा धरतो.

हे सगळं वितळून हवामान बिघडेल का?

भीती रास्त आहे, पण चित्र रंगवलं जातं त्यापेक्षा संथ आहे. उष्णतेला गाळात खोल उतरायला शतकं-सहस्रकं लागतात, आणि सुटलेला बराचसा मिथेन गाळातच किंवा समुद्राच्या पाण्यात सूक्ष्मजीव संपवतात.

हायड्रेटचा तुकडा जिभेला लावला तर खारट लागेल का?

लागेल, पण ते मीठ त्याचं नव्हे, अंगाला चिकटलेल्या गाळातल्या पाण्याचं. प्रयोगशाळेत तुकडा वितळवून मोजतात तेव्हाही थोडं क्लोराइड निघतंच, आणि त्यावरूनच तुकड्यासोबत किती रंध्रजल आलं ते काढतात. हायड्रेट रिजच्या तुकड्यांना हायड्रोजन सल्फाइडचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्यामुळे जीभ लावण्याची हौस आपोआप फिटते.